एक जिवंत आहे

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती बावीस वर्षं इस्त्री करत होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. वाफेनं तिचा उजवा हात कोपरापर्यंत लालसर झाला होता, आणि तोंड सतत चालू. गप्पा तरी, नाहीतर प्रार्थना. चर्चमध्ये तिला सगळे आमेनबाई म्हणत, कारण पाळकसाहेबांचं वाक्य संपायच्या आत तिचं आमेन खणखणीत पडायचं. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांना पुरं तर करू दे. देव कुठे पळून चाललाय?"

नावं ठेवणारेही घरात कुणी अंथरूण धरलं की तिच्याच दाराशी येत. तिची प्रार्थना लागू पडते, असा बोलबाला होता. कुणाचा ताप उतरला, कुणाचा हरवलेला भाऊ परत आला, एका शिंप्याला लग्नानंतर दहा वर्षांनी मुलगी झाली. तिला स्वतःला मूल नव्हतं. ते मागणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. त्याबद्दल तिला कुणी विचारत नसे आणि ती बोलत नसे. देव सगळ्यांचं ऐकतो, माझं जरा उशिरा, एवढंच ती एकदा हसत म्हणाली होती.

नवरा पंपावर होता. गावामागच्या डोंगरातून पाणी आणण्यासाठी बोगदा खणत होते, आणि आत झिरपणारं पाणी उपसायचं काम त्याचं. त्याच पाळीत शेजारचा ड्रिलवाला होता. दोन्ही घरांत भिंत एकच. ड्रिलवाल्याच्या बायकोला दोन लहान मुली. त्या अर्धा दिवस इकडेच पडलेल्या असत. बायकांचं तर इतकं जमायचं, की एकीला शिंक आली तर दुसरी पदर नाकाला लावायची.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास बोगद्याचं छत बसलं. सात जण आत होते. पाच जण धुळीनं माखलेले, खोकत बाहेर आले. पंपवाला आणि ड्रिलवाला आले नाहीत.

बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती. तिथे दोघी बाकावर बसल्या, त्या चौथ्या दिवसापर्यंत. पहिल्याच दुपारी दगडातून आत एक पाइप घातला, तेव्हा पलीकडून कुणीतरी त्यावर ठोके दिले. ठोके ऐकून सगळी शेड रडली. हवा जाते आहे, मुकादम म्हणाला, आता फक्त दगड काढायचा. चर्चची माणसं आळीपाळीनं येऊन बसू लागली. आमेनबाईनं शेजारणीचा हात धरला तो सोडलाच नाही. दोघांना सुखरूप बाहेर काढ, एवढं एकच मागणं, दोघींच्या तोंडी, शब्दसुद्धा तेच. घसा बसला तेव्हा ती ओठांनी बोलत राहिली. इतकी वर्षं लोकांसाठी मागितलं, आता माझ्यासाठी माग म्हणून कुणाला सांगावं, हे तिला सुचेना. सांगायचं कुणाला, तर ती स्वतःच होती.

शनिवारी ठोके थांबले.

रविवारी दुपारी यंत्राचा आवाज बंद पडला. मुकादम शेडच्या दारात आला. टोपी हातात. तो म्हणाला, "एक जिवंत आहे."

कोण, असं दोघींनी एकदमच विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. फटीतून फक्त एक हात दिसला होता, हलणारा. स्ट्रेचर आत गेलं आहे, बाहेर यायला पंधरा मिनिटं लागतील.

ती पंधरा मिनिटं कशी गेली, ते तिनं पुढे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस धरलेला हात दोघींपैकी कुणी आधी सोडला, तेही तिला आठवत नव्हतं. सुटला एवढं खरं.

स्ट्रेचरवर ड्रिलवाला होता.

मातीच्या दिवशी पाळकसाहेब फार थोडं बोलले. बाकीच्यांनी मात्र समजूत घालण्यात कसूर केली नाही. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली की तिला दोन लेकरं आहेत गं, देवानं विचार करूनच केलं असेल. म्हणजे मला मूल दिलं नाही ते आधीच ठरवून, असं आमेनबाईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

महिन्याभरानं उपकारस्तुतीची उपासना होती. शेजारणीनं साक्ष द्यावी असा सगळ्यांचा आग्रह पडला. ती पुढे उभी राहिली, दोन्ही मुली दोन बाजूंना. देवानं माझी प्रार्थना ऐकली, असं तिनं रडत रडत सांगितलं. सगळं चर्च आमेन म्हणालं. नेहमीचा खणखणीत आवाज त्यात नव्हता, तेव्हा दोन-चार माना मागे वळल्या. आमेनबाई बाकावरून उठून दाराबाहेर पडत होती.

घरी येऊन ती खुर्चीत बसून राहिली. माझे शब्द तेच, दिवस तोच, बाक तोच. मग माझ्यातच काय कमी होतं? प्रार्थनेला बसली की पहिल्याच शब्दाला उठे. धुलाईखान्यात तिनं एकाच दिवशी चार चादरी जाळल्या, आणि तिथली मुकादमीण, जी एरवी एका डागासाठी आकाशपाताळ एक करी, तिनंही नुसती नवी चादर पुढे सरकवली.

त्याच आठवड्यात ड्रिलवाला काठी टेकत आला. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. तिनं हाताला धरून बसवलं.

"वहिनी, ती साक्ष माझ्यानं सहन होत नाही," तो म्हणाला. "आत मी एकदाही देवाचं नाव घेतलं नाही. शिव्या घातल्या, रडलो, नखांनी दगड उकरला. प्रार्थना तो करत होता. कमरेखाली दगड होता त्याच्या, तरी करत होता."

"काय मागत होता?"

"पहिल्या दिवशी बाहेर काढ म्हणत होता. आम्हाला दोघांना. दुसऱ्या दिवशी पाणी मागत होता. शनिवारी काही मागेनासा झाला. नुसता बोलायचा. मध्येच गप्प राहायचा, समोरचा काही सांगतोय आणि हा ऐकतोय, तसा."

"मग?"

"मीही कान लावून ऐकलं, वहिनी. मला काही ऐकू आलं नाही."

त्याला भ्रम झाला असेल, असं काहीतरी ड्रिलवाला पुटपुटला. आपण तिला दिलासा द्यायला आलो होतो की स्वतःचं ओझं तिच्या अंगावर टाकायला, हे बहुधा त्यालाही कळत नव्हतं. जाताना तो म्हणाला की मला का ठेवलं ते देवाला विचार एकदा, तुझं ऐकतो तो. तिनं दार लावून घेतलं.

शेजारीण येत नव्हती. मुलींनाही येऊ देत नव्हती. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, तेवढाच शेजार उरला होता. शेवटी एका दुपारी आमेनबाईच तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. भांडायचंच ठरवून गेली होती. पण शेजारीण तिला पाहताच चुलीशी खाली बसली, आणि भांडण तोंडातच राहिलं.

"त्या पंधरा मिनिटांत तू काय मागितलंस?" आमेनबाईनं विचारलं.

शेजारणीनं मान वर केली नाही. "माझा असू दे, असं."

"म्हणजे माझा मेलेला असू दे."

"हो."

आमेनबाई खाली तिच्यासमोर बसली. "मीही तेच मागितलं," ती म्हणाली. "तुझ्या मुली डोळ्यांसमोर होत्या, तरी मागितलं."

शेजारीण रडत होती. पण मला मिळालं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, जणू ते तिनं चोरलं होतं. आमेनबाईनं तिला जवळ घेतलं नाही, क्षमाही केली नाही. क्षमा कुणी कुणाला करायची, तेच तिला उमगेना. निघताना एवढंच म्हणाली, की मुलींना पाठवत जा, घर खायला उठतं.

मुली दुसऱ्या दिवसापासून आल्या.

पुढे ती चर्चमध्येही जाऊ लागली, मागच्या बाकावर, न बोलता. लोक अजूनही प्रार्थनेच्या विनंतीच्या चिठ्ठ्या घेऊन येत. मी मागणार नाही, ती सांगे, पण येऊन बसेन. आणि खरंच आजाऱ्याच्या उशाशी तासन्‌तास बसून राही.

पाळकसाहेब एकदा तिला थांबवून घेऊन तिच्याच बाकावर बसले. देवानं तुमचं ऐकलं नाही असं वाटतं का, त्यांनी विचारलं.

"मी रोज विचार करते, साहेब," ती म्हणाली. "वाटतं, त्यानं त्या पंधरा मिनिटांतलं ऐकलं नसेल तर फार बरं. पण ते ऐकलं नसेल, तर आधीचे तीन दिवसही ऐकले नसतील. आणि आमच्या ह्यांचं बोगद्यातलं बोलणंही नाही. मग मी कशाची आशा धरू?"

मला माहीत नाही, असं पाळकसाहेब म्हणाले. इतक्या दिवसांत कुणीतरी प्रथमच तिला हे म्हणालं होतं. तिला त्यानं बरं वाटलं नाही, पण तिथून उठूनही जावंसं वाटलं नाही. कामावर जायची वेळ होईपर्यंत ती त्यांच्या शेजारीच बसून राहिली.