एका चांदणीच्या टिपा

आमच्या ऑफिसातल्या काकांची जीभ भारी तिखट. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये पुढच्याला कळावं म्हणून टिपा लिहितात ना, तिथेही ते सोडायचे नाहीत: ‘हा उपद्व्याप साहेबांच्या हट्टापायी.’

परवा साहेबांनी त्याच टिपांमधून गिऱ्हाइकांसाठी माहितीपुस्तिका काढायला सॉफ्टवेअर लावलं. काकांना वाटलं, आता आपली सगळी मुक्ताफळं गिऱ्हाइकं वाचणार. पण पुस्तिका निघाली ती अगदी सभ्य. सॉफ्टवेअर फक्त सुरुवातीला दोन चांदण्यांची (**) खूण असलेल्या टिपा उचलतं. काका कामाचं तेवढं दोन चांदण्या देऊन लिहायचे, चिडचिड एकीवरच भागवायचे. त्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

“म्हणजे कामाचं तेवढं घेतं, बाकीचं कानाआड करतं?” काकू म्हणाल्या. “त्यात काय, मी तीस वर्षं तेच करतेय.”