व्हर्नाबाईंच्या फोर्डची पाटी

माझा मेहुणा विल्मर होक गाडी चालवत नाही. त्याला गाडीतलं कळतही नाही. पण जुन्या मोटारींना सरकार ज्या वेगळ्या नंबर पाट्या देतं, त्या त्याच्या घरात इतक्या आहेत की दाढी करताना आरशाआधी टेक्सास दिसतं. आमच्या पेनसिल्व्हेनियाची अगदी पहिल्या खेपेतली पाटी मात्र त्याच्याकडे नव्हती. ती होती व्हर्ना मोयरबाईंच्या फोर्डच्या मागे, मूळच्या रंगात. या छांदिष्टांच्या लेखी रंगावर ओरखडा उठला की पाटी मेली.

नवऱ्यामागे बाई ती फोर्ड वर्षातून एकदाच काढायच्या, गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या मिरवणुकीत. विल्मर दरवर्षी शूफ्लाय पाय, म्हणजे आमच्याकडचा काकवीचा केक, घेऊन पाटी मागायला त्यांच्या दारात. शेवटी बाई वैतागल्या.

"हे बघ विल्मर, यंदा गाडी आपल्या चाकांवर बंबघरापर्यंत पोचली नाही, तर पाटी तुझी. पोचली, तर पुन्हा इकडे फिरकायचं नाही. आणि तो पाय तुझ्या बहिणीला सांग करायला, तुझा करपतो."

मिरवणुकीत विल्मर खिशात स्क्रूड्रायव्हर घालून फोर्डच्या मागे चालू लागला. अंत्ययात्रेत चालावं तसा. चर्चपाशी गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. बँड पुढे निघून गेला. विल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बायकोच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात हा माणूस कोरडा ठणठणीत होता.

तेवढ्यात मागून ओढगाडीवाला क्लेटन आला. साखळीचा आकडा हलवत म्हणाला, "बाजूला हो. मागून अडकवतो आणि गल्लीत ओढतो."

"मागून नको. पाटीचा रंग जाईल."

"मग काय कडेवर घेतोस?"

"ढकलतो," विल्मर म्हणाला. त्याने कोट काढून पाटीवर धरला, त्यावर पाठ टेकवली आणि टाचा रोवून रेटायला लागला. पुढे उतार. मी बाजूने धावत ओरडत होतो, "अरे गाढवा, थांब. थांबलास तर पाटी तुझी."

"आकडा येतोय ना मागे!" तो म्हणाला.

फोर्ड डुलत डुलत बंबघराच्या दारात जाऊन थांबली. बाई सावकाश उतरल्या.

"पोचली की," त्या म्हणाल्या.

विल्मरने कोट बाजूला केला. पाटीवर ओरखडा नव्हता. ते बघून तो हसला, आणि मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. मला त्याची फार दया आली.

"स्क्रूड्रायव्हर आणलायस ना?" बाईंनी विचारलं. "डावीकडचा स्क्रू ढिला झालाय. जाता जाता आवळून दे."

विल्मर गुडघ्यांवर बसला आणि आवळू लागला. एका स्क्रूला त्याने फार वेळ लावला.