आभाळ, माळवद आणि अंगण

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतकं दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणात नाक खुपसणारं माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरं नसेल. आणि ज्या घरांत त्यांनी नाक खुपसलं नाही, ती घरं ‘आमच्या पोरात काय कमी होतं?’ म्हणून त्यांच्यावर रुसून असत. मुलगा इंटर सायन्सला बसला, की शुक्रवार पेठेतले आईबाप आधी देवाला नारळ फोडत आणि तिथून थेट यांच्या ओट्यावर येत. स्वतः ते नॉनमॅट्रिक. सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर झालेली. “मालगाडीच्या वाघिणीत किती माल मावतो आणि कुठला माल वाटेत फुटतो, एवढंच शिकलो बघा. पोरं म्हंजे तरी दुसरं काय?” असं म्हणायचे. सोलापुरात मे महिन्यात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, पण हे धोतरावर रेल्वेचा काळा कोट चढवून भर दुपारी इंजिनिअरिंग कॉलेजांबद्दल बोलायला निघत. मूळचे दुधनीकडचे. त्यामुळे हिशेब कन्नडमध्ये, उपदेश मराठीत आणि संताप रेल्वेच्या इंग्रजीत, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून टाकली होती.

जगातली सगळी कॉलेजं त्यांच्या मते तीन प्रकारची होती. आभाळ, माळवद आणि अंगण. आभाळ म्हणजे मिळालं तर देव पावला. माळवद म्हणजे घरावरचं धाबं, शिडी लावली, थोडा दम खाल्ला, की पाय टेकतो. अंगण म्हणजे दार उघडलं की आहेच. एकच कॉलेज सर्वांना सारखं नसे. डॉक्टरांच्या मुलाचं माळवद ते चाळीतल्या मुलाचं आभाळ असायचं, आणि कुणाचं काय हे ते मुलाकडे नुसतं पाहून ठरवत. मार्क मागाहून विचारत, तेही शिष्टाचार म्हणून. पण अर्ज मात्र तिन्हीकडे भरायला लावायचे. नुसती आभाळं भरणाऱ्याला ते उडाणटप्पू म्हणत, आणि नुसतं अंगण भरणाऱ्यावर तर जास्तच चिडत. “आभाळाचा अर्ज भरलाच पायजे. मिळू दे न्हाय तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर पोराला मान वर करायची सवय ऱ्हात न्हाय.”

अंदाज चुकायचे, आणि चांगले दणदणीत चुकायचे. आमच्या गल्लीतल्या वकिलांच्या मुलाला त्यांनी अंगण सांगितलं होतं. त्याला मुंबईचं आभाळ मिळालं. दुसरा कोणी असता तर महिनाभर त्या घरावरून गेला नसता. हे सकाळीच पेढे मागायला हजर! वकीलसाहेब टोमणा मारायला गेले, तर म्हणाले, “आभाळच खाली आलं सायेब, त्याला मी काय करू? पेढा मोठा द्या.”

रेल्वेचा पास मिळाला की ते कॉलेजं बघायला जात. प्राचार्य, प्रयोगशाळा वगैरेंकडे ढुंकूनही बघत नसत. सरळ मेसमध्ये जाऊन पाटावर बसत, जेवत, आणि परत येऊन निकाल देत. एका कॉलेजातली आमटी फार चांगली निघाली म्हणून त्यांनी ते नापसंत केलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, “एवढी चांगली आमटी खाऊन पोरगं सुट्टीला घरी कशाला येईल?”

पण त्यांची खरी करामत म्हणजे तालीम. परवडतं की नाही हे कागदावर ठरवायला त्यांची सक्त मनाई होती. मे महिन्याच्या सुट्टीत मूल खरोखरच दूर गेलंय असं समजून त्या घराने महिनाभर राहायचं. मुलाने घर सोडून गल्लीपलीकडे कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करायचा. पहिल्या तारखेला मेसचे आणि खोलीचे पैसे घरातून बाहेर पडायचे. भेटायचं नाही, बोलायचं नाही, खुशाली पोस्टकार्डाने कळवायची. आणि नुसता पैसा नव्हे, त्या मुलाचे हातसुद्धा घरातून गेले असं धरायचं. आमच्या मागच्या बाजूला एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. थोरला मुलगा तालमीला गेला म्हणून त्याचा माग महिनाभर बंद. आठवड्याने त्याचा बाप रडकुंडीला येऊन म्हणाला, “मामा, पैसा बसतो हो. पण एक माग वाजत नाही तर झोपच येईना.” हे म्हणाले, “झोपंचा खर्च धरलेला न्हाय. म्हंजे परवडतंय.” तो मुलगा कऱ्हाडला गेला आणि चांगला निघाला. बापाला झोप कधी लागली ते मला ठाऊक नाही.

आता आमची शैला. ती इंटरला बसली आणि तिने इंजिनिअरिंगचं नाव काढलं तेव्हा आमच्या घरात तीन मतं झाली. आमचे हे कोर्टात कारकून. लेकीवर फार जीव. त्यांचं मत पुणे. सासूबाईंचं मत लग्न. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवते; शैलाच्या पाठीवर दोन मुलगे शिकायचे होते, त्यामुळे माझं मत आधी बघू. तेवढ्यात काळा कोट दारात आला. नणंदेच्या सासरचा माणूस. त्याला नाही म्हणायची आमच्यात सोयच नाही. सासूबाई त्यांना बघितलं की पदर दोनदा सारखा करीत. तरी धीर करून म्हणाल्या, “व्याहीबुवा, पोरीची जात. मशीनवर हात चालवणार व्हय ती?”

“मशीनला कुटं कळतंय हात कुणाचा हाय ते?” ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतून घेतला. “सुनबाईला सांगतो. पोरगी एक तारखेपासनं आमच्याकडं. आमचं घर म्हंजे पुणं.”

अशा रीतीने माझी मुलगी तीन गल्ल्या ओलांडून पुण्याला गेली.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की घरी असताना शैला पहाटे नळाला नंबर लावत होती, धाकट्यांची गणितं घेत होती आणि सासूबाईंच्या पायाला तेल लावत होती. यातलं कशाचंच पोस्टकार्ड येणार नव्हतं. मी दूध कमी केलं, वर्तमानपत्र बंद केलं, पाण्याला स्वतः उभी राहिले, मुलांना दोन धपाटे घालून गणिताला बसवलं. मंडईत एकदा शैला समोर आली. हातात वांग्यांची पिशवी, बरोबर माझी नणंद. मी थांबले, तर नणंद डोळे मोठे करून म्हणाली, “वहिनी, पुढं चला! ती पुण्यात हाय.” शैलाने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालून हसत सुटली. मीही पुढे गेले. मला त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. पोरीला वांगी निवडता येत नाहीत एवढं मात्र दिसलं.

मधूनच नणंदेचे सासरेबुवा अडचणीही पाठवत. एकदा निरोप आला, ड्रॉइंग बोर्ड फुटला. एकदा म्हणे मेस बंद पडली, आठ दिवस बाहेर जेवावं लागेल. मी सगळ्या अडचणी भागवल्या. माझ्या हिशेबाने आम्ही पुण्याला पास झालो होतो.

महिना संपला आणि ते आले. पाटावर बसले, पाणी प्यायले, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, “बाई, न्हाय जमत. पोरगी परवडती. पोरीचा बाप परवडत न्हाय.”

मला काही समजेना. तेव्हा उलगडा झाला. आमचे हे रोज संध्याकाळी कोर्टातून सुटले की त्यांच्या गल्लीतून येत होते. कधी कात्रीला धार लावायला, कधी मारुतीला, आणि मारुतीवर यांचा विश्वास किती ते मला माहीत. त्यांच्या घरासमोर पानाचं दुकान होतं. जन्मात पान न खाल्लेला माणूस तोंड लाल करून घरी येत होता आणि मला वाटत होतं, उन्हाळ्याने हिरड्या धरल्या असतील. दुकानाशी उभं राहिलं की समोरच्या खिडकीत शैला अभ्यास करताना दिसायची. सासरेबुवा ओट्यावर बसून सगळं बघत. हटकत नसत. नुसतं ओरडून विचारत, “काय पाव्हणं, गाडी वेळेवर व्हती का?” आणि सोलापूर-पुणे, येणं-जाणं, थर्ड क्लासचं भाडं आमच्या खर्चात धरत. महिनाभर! त्या भाड्याने आमचा सगळा हिशेब झोपला होता.

मी म्हटलं, “मामा, हे काय खरंखुरं पुण्याला जाणारेत का रोज?”

“रोज न्हाय. पर जाणार. तीन गल्ल्यांवरनं ऱ्हावत न्हाय त्या माणसाला, तर तितं काय ऱ्हावनार हाय?”

आमच्या ह्यांना ते फार लागलं. माणूस मऊ, पण मऊ माणसाला राग आला की तो नको तिथे येतो. म्हणाले, “ठीक आहे. मग इथेच पॉलिटेक्निकला डिप्लोमा करू दे. तेवढा एकच अर्ज भरायचा. विषय संपला.” शैला त्या दिवशी घरी परतली होती. ती उठली आणि नळाची वेळ नसताना घागरी घासायला बसली. निकाल लागला, मार्क चांगले पडले, पेढे वाटले, तरी तिचं बोलणं हो-नाहीच्या पुढे जाईना. अर्जांची मुदत जवळ आली. तेव्हा मी चप्पल घातली आणि ‘पुण्याला’ गेले.

सासरेबुवा ओट्यावर होते. मी सरळ विचारलं, “मामा, तालीम तुमची, निकाल तुमचा. आता पोरीचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा. ती अंगणात राहिली तर पाप तुमच्या डोक्यावर.”

त्यांनी धोतराचा सोगा झटकला. मग आत बघून हळू म्हणाले, “बाई, आमच्या पोराचा नंबर लागला व्हता. तुमच्या नणंदेच्या मालकाचा. पुण्याला. मी रातभर बसून कागदावर हिशेब केला. बसला न्हाय. सकाळी त्याला मिलमध्ये फिटरला चिकटवला. पुढं कळलं, बसला असता की. दूध सोडलं असतं, ही चार घरचं शिवण करत व्हती, तिनं आठ घरचं केलं असतं. ते कागदावर कुटं असतंय? करून बघितलं न्हाय मी.”

आत माझे नंदोई मिलमधून येऊन हातपाय धूत होते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी कामाचं बोलले. “मग आता?”

“तिन्ही अर्ज भरा,” ते एकदम ताजेतवाने होऊन म्हणाले. “पुणं आभाळ. सांगली माळवद. आणि मी सांगतो, सांगलीच बसतंय तुमाला. कुर्डुवाडीला उतरायचं, तितनं बारकी गाडी मिरजेपर्यंत. ती गाडी अशी रडत रडत जाती, की बाप एकदा जाईल, दुसऱ्यांदा जायचा न्हाय. एस.टी. त्यास्नी लागती. परवडलं की!”

बापाला गाडीचा त्रास व्हावा म्हणून कॉलेज निवडणारं आमचं एकच घर असेल. पण तीन अर्ज गेले. सांगलीचं पत्र आधी आलं, पुण्याचं प्रतीक्षा यादीचं आलं. सोमवारपर्यंत सांगलीला पैसे आणि मूळ दाखले द्यायचे होते. आमचे हे म्हणू लागले, थांबू या, पुण्याची यादी हलेल. मी शैलाकडे बघितलं. ती म्हणाली, “आई, मला यादी हलवायची नाहीये, मला शिकायचंय.” रविवारी बापलेक बारक्या गाडीने निघाले. तिथे मुली अगदी मोजक्याच. त्यांची सोय एका शिक्षिकाबाईंच्या घरी होती, आणि तिथे जेवून बघायला सासरेबुवा आधीच जाऊन आले होते. त्यांच्या मते आमटी बेताची होती, म्हणजे उत्तम. पुण्याची यादी हलली की नाही, हे आम्ही विचारलंच नाही.

पहिल्या दिवाळीला शैला आली ती एक गुंडाळी काखेत घेऊन. नणंदेकडे फराळाला गेलो तेव्हा तिने ती उलगडून जमिनीवर पसरली. कुठल्याशा वाफेच्या इंजिनाच्या झडपेचं ड्रॉइंग होतं. माझे नंदोई मुखदुर्बळ माणूस. आयुष्यभर मिलमधली इंजिनं खोलून जोडत आलेले. ते हातातलं लाडूचं ताट बाजूला ठेवून गुडघ्यावर बसले आणि बोटाने एक रेघ दाखवून म्हणाले, “शैला, हितनं वाफ कुटं जाती? आमी नुसतं उघडतो न् लावतो, आतलं कधी कागदावर बघितलं न्हाय.” ती सांगू लागली. ते मध्येच तिची चूक काढत, ती त्यांना रेघा समजावत. लाडूला मुंग्या लागल्या तरी दोघांना पत्ता नव्हता.

सासरेबुवा दारात खुर्चीवर बसले होते. माळवदाचं नाव नाही, आमटीचं नाव नाही. त्यांची सावली थेट त्या कागदावर पडली होती. थोड्या वेळाने ते त्यांच्या लक्षात आलं. ते उठले, आवाज न करता खुर्ची उचलली, आणि उजेड सोडून बाजूला जाऊन बसले.