पावण्यांना द्यायचं उत्तर डॉक्टरांना

मैत्रिणींनो, आज सकाळी आबांनी आणि मी धाकट्या भावाला, दिनूला दवाखान्यात नेलं. तालमीत तो दोनदा चक्कर येऊन पडला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"न्हाय की," आबा म्हणाले. मला बघायला येणाऱ्या पावण्यांना हेच सांगायची त्यांना सवय.

मला राहवेना. "आबा, काका पंचविसाव्या वर्षी आखाड्यातच गेले की!"

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. हृदयाचे काही आजार रक्ताच्या नात्यातून येतात, म्हणाले. तपासण्या होईपर्यंत दिनूची कुस्ती बंद. माझाही कार्डिओग्राम काढायचा.

बाहेर आल्यावर आबा पुटपुटले, "पावण्यांना कळलं तर तुझं जमत आलेलं लग्न मोडंल."

"मोडू दे की. दिनू तर राहील!"

तुमच्या घरी असं कुणी गेलं असेल, तर डॉक्टरांना सांगितलंय का?