डाव्या बाजूचं जेवण

हमीदभाऊ गेल्याची बातमी मला वांगीवालीने दिली. चंद्रपूरच्या बाजारात सखूबाई बसते, तिच्याकडे मी नेहमी भाजी घेते. त्या सकाळी तिच्यापुढे भरताच्या मोठ्या वांग्यांचा ढीग तसाच पडून होता. मी म्हटलं, "आज एवढी कशी उरली?" तर ती म्हणाली, "जैतूनवाल्या भाऊची हाएत, बाई. त्यायच्यासाठी काढून ठेवली होती. आता कोन नेते?" मला वाटलं, भाऊ गावाला गेले असतील. तिने नुसती मान हलवली... मी ती सगळी वांगी घेतली. एवढ्या वांग्यांचं मी काय करणार होते, देव जाणे. घरी आणून ओट्यावर ठेवली आणि तिथेच उभी राहून रडले. त्याला आता काही आठवडे झाले.

जैतून म्हणजे आमच्या ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या कॉलनीच्या, रस्त्यावरचं हमीदभाऊंचं हॉटेल. भाऊ चंद्रपूरचेच. तरुणपणी आखातात गेले, तिथे एका लेबनानी उस्तादाच्या हाताखाली स्वयंपाक शिकले आणि मग तिथल्याच हॉटेलात राबत राहिले. त्यांची बायको मेहरून आमच्या कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मी कॉलनीजवळच्या शाळेत शिकवायचे. माप द्यायला तिच्याकडे जायचे आणि मापापेक्षा गप्पांतच जास्त वेळ जायचा. मूलबाळ नव्हतं. नवरा एक-दोन वर्षांनी यायचा, महिनाभर राहायचा, आणि परत जायच्या आदल्या दिवशी ती मशीनला हात लावायची नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भाऊ सगळं आवरून आले आणि हॉटेल टाकतो म्हणाले, तेव्हा मला वाटलं, मेहरून आनंदाने नाचेल. पण ती टेप माझ्या खांद्यावर तशीच धरून म्हणाली, "सालभर पाहीन म्हणतेत, बाई. नाई चाललं तर वापस जाईन म्हणतेत. तिथल्या मालकानं जागा राखून ठेवली हाये." मग थांबून म्हणाली, "पैसा येते बाई मनीऑर्डरनं. मानूस नाई येत." त्या दिवसापासून भाऊंच्या हॉटेलची काळजी तिच्याइतकीच मला लागली.

आणि हॉटेल तरी कसलं? आमच्याकडे हॉटेलात जायचं म्हणजे तर्रीवर, त्या झणझणीत रश्श्यावर, लाल तेलाचा तवंग पाहिजे, खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. भाऊंनी पाटी लावली, 'जैतून : लेबनानी जेवण'. "लेबनान म्हंजे कुठी? राजुऱ्याच्या पुढं काय?" असं विचारणारेही निघाले. जैतूनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल आम्हाला ठाऊक होतं ते औषधाच्या दुकानातलं, लहान मुलांच्या मालिशीचं. आमचे हे तर म्हणाले, "तिथे जेवायला जायचं की अंग रगडून घ्यायला?" मी म्हटलं, काही का असेना, आमच्या भिशीतल्या बायका यंदा तिथेच जेवतील. माझा हट्ट सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. भाऊंनी स्वतः येऊन टेबलावर छोट्या छोट्या बशा मांडल्या. एकीत काबुली चणे, तीळ आणि लसूण वाटून केलेला मऊ गोळा, वर तेलाची धार. त्याला हम्मस म्हणायचं. एकीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, एकीत चक्का, एकीत बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि टमाटे. फडक्यात गुंडाळलेल्या गरम रोट्या. एवढं ठेवून ते आत गेले. आम्ही पाहिलं, ताटाची डावी बाजू झकास वाढली आहे. चटणी आली, कोशिंबीर आली, आता भाजी येईल, वरण येईल, भात येईल. माझं माहेर सावली गावचं, धानाच्या पट्ट्यातलं. आमच्याकडे भाताचा घास पोटात गेला नाही तर जेवण झालं असं कुणी मानतच नाही. आणि सगळं वाढून होण्याआधी चटणीला बोट लावणारी बाई हावरट ठरते, आणि इथे तर चारचौघी समोर बसलेल्या. तेव्हा आम्ही मांडीवर हात ठेवून, सभ्यपणे, वाट पाहत बसलो. पोरांच्या परीक्षा झाल्या, सुनांच्या तक्रारी झाल्या... रोट्या गार झाल्या. पडद्याआडून भाऊ अधूनमधून डोकावत. त्यांना वाटे, बायकांनी घासही घेतला नाही, पुढचं कसं पाठवू? आम्हाला वाटे, भात उशिरा लावला असेल. शेवटी आमच्यातल्या वडीलधाऱ्या कुसुमताईंना राहवलं नाही. त्यांनी हाक मारली, "भाऊ, भात शिजून राह्यला का?"

"कोनता भात?" भाऊ बाहेर येत म्हणाले. मग त्यांनी बशांकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. "बाई, जेवन तर हेच हाये. इथूनच सुरू करतेत."

आम्ही घाईघाईने जेवायला लागलो. छान होतं, खोटं कशाला बोलू? मागून शिगेवरचं चिकन आलं, तेही छान होतं. पण भाऊंचा चेहरा जो उतरला तो उतरलाच. आम्ही हसून गोष्ट वाऱ्यावर सोडली. त्यांना ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहरून शाळेत आली. ती कधी शाळेत येत नसे. "त्यायनं फोन लावला तिथल्या मालकाले," एवढंच म्हणाली. उन्हातून चालत आली होती. मी तिला पाणी दिलं आणि शाळा सुटल्याबरोबर तडक जैतून गाठलं. भाऊ रिकाम्या टेबलाशी बसले होते. मी प्रस्तावना वगैरे केली नाही. म्हटलं, "भाऊ, भात वाढा. ताटाच्या मधात गरम भात, त्यावर तुमच्या चिकनचा रस्सा करून, आन् डाव्या बाजूले हे हम्मस न् भरीत. एकाच ताटात. मंग पाहा."

"हम्मससोबत भात?" त्यांना ते ऐकवेना. "बाई, उस्ताद माझा हात तोडन."

"तुमचा उस्ताद चंद्रपूरले येऊन राह्यला का?"

 मला वाटलं, आता बाहेर काढतात. मग मी ते बोलले जे बोलायचं ठरवून गेले नव्हते. "उस्तादाचा मान राखायले तुमी तिथी जाल. मेहरून इथी कोनासाठी राहीन?" भाऊंनी फडकं ओढलं. बराच वेळ टेबल पुसत बसले, टेबल स्वच्छच होतं.

आठवडाभराने भिशीला निरोप आला. या वेळी स्टीलची ताटं होती, मधोमध भाताची मूद. शेजारी एका वाटीत रस्सा, डाव्या बाजूला सगळं लेबनान. कुसुमताईंनी हम्मस भातात कालवलं आणि म्हणाल्या, "हे पिठल्याच्या भावकीतलंच दिसते." भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले. जैतूनची थाळी तिथून सुरू झाली. नव्याचे नऊ दिवस असतील म्हणून मी धास्तावले होते, पण ती टिकली. ऊर्जानगरातले वाढदिवस तिथे व्हायला लागले. आरमोरीकडून दवाखान्यासाठी आलेली माणसंही "ते भरीत-भातवालं हॉटेल कुठी हाये?" विचारत यायची. तर्री मात्र भाऊंनी शेवटपर्यंत दिली नाही. मागितली की म्हणत, "भात देल्ला ना बाप्पा, आता अजून काय घेता?" वर्ष संपलं, दुसरं सुरू झालं. परत जायचं नाव निघालं नाही आणि कुणी काढलंही नाही.

ते गेले घरीच, पहाटेची नमाज झाल्यावर, मेहरून चहा गाळत होती तेव्हा. ती आता नवऱ्यामागे चार महिने पाळायच्या इद्दतीत आहे, बाहेर पडत नाही. मी जाते. परवा कुणी नातेवाईक बाई तिच्यासमोर हळहळत होती, किती लवकर गेले म्हणून. ती उठून गेल्यावर मेहरून माझ्याकडे वळली. "लोकायले वाटते लवकर गेले. मी तर भ्यायली होती का तिथीच जातीन, कागदच येईन मले." मग साडीचा पदर सारखा करत म्हणाली, "माझ्या वाट्याले आला बाई तो मानूस. उशिरा आला, पन आला." मी तिचा हात धरून बसले.

गेल्या आठवड्यात मी जैतूनला गेले. हॉटेल आता भाऊंचा पुतण्या साजिद चालवतो. ऐन जेवणाची वेळ, आणि शटर खाली. शटरवर भाऊंनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'मालक घरी जेवायला गेले आहेत. थोड्या वेळाने या.' ही त्यांची जुनीच खोड. गिऱ्हाईक दारात असताना हा माणूस कुलूप लावून घरी जेवायला जायचा. "धंद्याची वेळ हाये अन् तुमी घरी चालले?" असं कुणी म्हटलं की भाऊ सांगत, "तिथी इतकी वर्षं उभ्यानं जेवलो, तेही सगळ्यायचं झाल्यावर. आता घरी बसून जेवतो." मी समोरच्या टपरीवर थांबले. थोड्या वेळाने साजिद सायकलवरून आला, मला पाहून ओशाळला.

"काकू एकटी जेवत नाई, बाई. ताट घेऊन बसते, पन घास नाई घेत. म्हनून मी जातो," तो म्हणाला. मग पाटी काढता काढता थांबला. "हे बदलावं लागन ना आता?"

"राहू दे," मी म्हटलं.

त्याने पाटीवरची धूळ पुसली, ती गल्ल्यामागे उभी करून ठेवली, आणि मला विचारलं, "भात लावू का?"