बावीस मिलिमीटरचं वर्तुळ

“सर, बावीस मिलिमीटर,” रेश्मा म्हणाली आणि तिने पट्टी पुन्हा प्लेटखाली धरली. आकडा तोच आला.

मी वसईतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. आचोळ्याची रेश्मा माझी पीएचडीची विद्यार्थिनी. आमचं काम थोडक्यात असं : धातूच्या अणूला खेकड्यासारखा नांग्यांत पकडेल असा सेंद्रिय रेणू बनवायचा. तो लिगँड. धातूसकट जो पदार्थ तयार होतो, तो कॉम्प्लेक्स. मग जंतू पसरलेल्या प्लेटमध्ये बारीक खड्डा पाडून त्यात कॉम्प्लेक्स घालायचा. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती जंतू वाढले नसतील तर स्वच्छ वर्तुळ दिसतं.

निकेल आणि कोबाल्टने वर्षभर काहीच दिलं नव्हतं. पीएचडीच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीने विषय बदलायला सुचवलं होतं. सोमवारी त्यांच्याचपुढे सेमिनार, आणि गुरुवारी तांब्याने हे वर्तुळ दिलं. मी मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

ज्यांच्या लॅबमध्ये आम्ही उभे होतो, त्या मायक्रोबायॉलॉजीच्या डिमेलो मॅडम प्लेटवर वाकल्या.

“नुसत्या कॉपर क्लोराइडचा खड्डा कुठाय?”

“तो केला नाही,” मी म्हणालो. कॉम्प्लेक्ससाठी तांबं आम्ही याच क्षारातून घेतलं होतं.

“सर, तांबं स्वतःच जंतू मारतं. कॉम्प्लेक्सच्या पावडरमध्ये सुटं तांबं राहिलं असेल, तर त्याचाही यात हात असेल.”

“मॅडम, मी दोनदा धुतलीय पावडर,” रेश्मा म्हणाली.

आम्ही तिसऱ्यांदा धुतली. त्या पाण्यात अमोनियाचे थेंब टाकले. सुटं तांबं असलं की पाणी गडद निळं होतं. तसंच झालं.

“सेमिनार पुढे ढकलायचा का, सर?”

“आधी धुवू.”

सहाव्या धुण्याला पाणी रंगहीन राहिलं. पावडर रात्रभर सुकवली. शुक्रवारी दुपारी एका प्लेटमध्ये चार खड्डे केले : पावडर ज्यात विरघळवतो ते नुसतं सॉल्व्हंट, नुसता लिगँड, कॉम्प्लेक्समध्ये असतं तेवढंच तांबं देणारं कॉपर क्लोराइड, आणि कॉम्प्लेक्स.

शनिवारी सकाळी प्लेट उघडली. सॉल्व्हंटभोवती काही नाही. लिगँडभोवती पुसटसं. क्लोराइडभोवती छोटं वर्तुळ. आणि चौथ्या खड्ड्याभोवती मोठं, नितळ.

मॅडमनी स्वतः पट्टी लावली. “सतरा. आणि हे नक्की तुमच्या कॉम्प्लेक्सचं.”

रेश्माने तिथूनच घरी फोन लावला. “आई, आलं!” पलीकडून काय आलं असं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “वर्तुळ गं.”

सोमवारी कमिटीचा पहिलाच प्रश्न आला, “हे सुट्या तांब्याचं नाही कशावरून?” रेश्माने चार खड्ड्यांचा फोटो लावला. अर्ध्या तासाने विषय पुढे न्यायची परवानगी मिळाली.

चांगला रिझल्ट आला की आता आम्ही पुन्हा तपासतो. निकेल-कोबाल्टचे वाईट रिझल्ट मात्र आम्ही एकदाही पुन्हा तपासले नव्हते. तेही आता तपासायला घेतलेत.