मागच्या बाकापर्यंत

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा माझी तिशी उलटली होती, मुलगा शाळेत जायला लागला होता आणि मला कॉम्प्युटर बंद करता येत नव्हता. चालू करता यायचा हो, पण बंद कसा करायचा ते कळायचं नाही. मग मी सरळ भिंतीवरचं बटण दाबून मोकळी व्हायचे. लॅबच्या सरांनी एकदा ते पाहिलं आणि असे ओरडले, की मी कुणाचा गळाच दाबत होते जणू. मलाही राग आला. म्हटलं, सर, घरचा पंखा, मिक्सर, टीव्ही सगळं मी असंच बंद करते, आजवर एकानंही तक्रार केलेली नाही.

घर जळगावात, पिंप्राळ्याला. घरात सासू-सासरे, मुलगा आणि मी. नवरा नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला होता, तो शनिवारी यायचा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे आणि सासऱ्यांना नाना. नाना एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात पाहुणे आले की ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणायची सवय काही सुटली नव्हती. मी बी.एड. करते म्हटल्यावर ते झोपाळ्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, “कर. पण एकदाच. नापास झालीस तर पुन्हा बसायचं नाही. पोरगा, घर, अक्काचे गुडघे, हे बठ्ठं कोण बघणार?”

माणूस वाईट नव्हता. चुकलेल्या गाडीमागे धावायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता, तोच त्यांनी मला लावला. मी मान हलवली. पण आमच्या कॉलेजात खडू-फळ्याचे पाठ घेऊन भागत नव्हतं. शेवटच्या वार्षिक पाठात तंत्रज्ञान वापरायचंच, बाहेरून परीक्षक येणार, आणि त्या पाठात गेलं की वर्ष गेलं. माझ्या बाबतीत वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं.

त्या दिवसांची आता आठवण आली की हसू येतं. खऱ्या मुलांपुढे उभं राहण्याआधी आमच्यात एक प्रकार असायचा, सूक्ष्म अध्यापन. म्हणजे आपल्यातल्याच एकीनं बाई व्हायचं आणि बाकीच्यांनी सातवीची मुलं. आमच्यातल्या एकीची स्वतःची मुलगी कॉलेजात होती, पण ही बया बाकावर बसली की करंगळी वर करून परवानगी मागायची. दुसरी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची, कारण चुकलेल्या मुलाला कसं सांभाळलं यालाही मार्क होते. मी पहिल्यांदा प्रोजेक्टर लावला तेव्हा चित्र आरशात दिसावं तसं उलटं पडलं. तापी सुरतेकडून निघाली आणि मध्य प्रदेशात जाऊन पोचली. माझ्या ‘सातवीच्या मुली’ पदर तोंडात धरून हसत होत्या. मी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. तापी सरळ झाली तेव्हा तास संपला होता.

पण शिकले. हट्टानं शिकले. स्वयंपाक आटोपला की एका मैत्रिणीचा जुना लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि घरीच पाठ घ्यायचा. वर्गात विद्यार्थी दोन, अक्का आणि नाना. अक्का गुणी विद्यार्थिनी होती, सगळ्याला हो म्हणायची. नाना म्हणजे मागच्या बाकावरचा उनाड. “हे सगळं फळ्यावर लिहिता येतं की. मग वायरी कशाला?” त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी एसटीत तिकिटाचं मशीन आलं होतं, आणि त्या मशीननं त्यांचा फार छळ केला होता. मशीन अडकायचं आणि शिव्या कंडक्टरला. तेव्हा ते जुन्या कागदी तिकिटांचा ट्रे जवळ ठेवायचे, मशीन रुसलं की ट्रे काढायचे. मला सारखं सांगायचे, “पोरी, मशीनवर जायचं नाही. ट्रे जवळ ठेवायचा. तुझा ट्रे म्हणजे खडू.”

वार्षिक पाठाला मला विषय आला विज्ञानाचा, बाष्पीभवन. पुस्तकात तळं, ढग, बाण. मी म्हटलं, आमच्या गच्चीवर काय चाललंय मग? दिवस बिबड्यांचे होते. ज्वारी भिजवायची, कांडायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर पातळ थापून उन्हात टाकायची. अक्काच्या बिबड्यांना आमच्या गल्लीत तोड नव्हती. मी फोन घेऊन तिच्या मागे मागे फिरले. थापतानाचे फोटो, सकाळच्या ओल्या बिबड्यांचे, दुपारी कडा उचलल्यावरचे. जाड थापलेली एक मुद्दाम करून घेतली, एक सावलीत ठेवायला लावली. अक्का म्हणाली, “सावलीत कुणी बिबडी वाळवतं का, येडी!” आणि तरी ठेवली.

फोटो लावून, खाली मुद्दे टाईप करून मी पाठ टीव्हीवर दाखवला. नाना उठले, टीव्हीजवळ गेले, मागे आले, चष्मा पुसला.

“फोटो झकास आहेत. पण अक्षरं? किरटी. मला इथून दिसत नाहीत, मागच्या बाकावरच्या पोराला काय दिसणार?”

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर लॅपटॉप जागेवर नाही! माझा जीवच गेला. अक्का म्हणाली, नाना घेऊन गेलेत. पिंप्राळ्यातच त्यांचा एक दोस्त लग्नपत्रिका छापायचा, त्याच्या दुकानात. संध्याकाळी नाना लॅपटॉप छातीशी धरून आले, रिक्षातून उतरताना सुद्धा एका हातानं सोडेनात. टीव्हीला जोडला. अहाहा! सगळा मजकूर लग्नपत्रिकेतल्यासारख्या टपोऱ्या, वळणदार अक्षरात. ‘हवा’, ‘ऊन’, ‘पृष्ठभाग’ अशी डौलात उभी होती, की आता खाली आमचे येथे श्रीकृपेकरून येतं की काय असं वाटावं. पण छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. नाना भिंतीला टेकून म्हणाले, “आता दिसेल. मागच्या बाकापर्यंत.” मला वर्ष काढायला एकदाच मिळणार होतं आणि ज्यांनी ती अट घातली तेच माझ्यासाठी दुकानात तासन् तास बसून आले होते. मी चहा टाकायला उठले.

पाठाच्या दिवशी आदल्या बॅचचा निरोप आला, की लॅपटॉप आणू नका, वायरी बदलण्यात वेळ जातो, पाठ पेन ड्राइव्हवर आणा, शाळेचा कॉम्प्युटर आहे. मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. लॅपटॉप टेबलावर राहिला. नानांनी त्यावर आपलं उपरणं टाकलं, धूळ बसू नये म्हणून. निघताना म्हणाले, “ट्रे?” मी पर्स उघडून खडू दाखवले.

शाळा पारोळ्याच्या अलीकडे एका खेड्यात, माझ्या माहेरच्या बाजूची. वर्गात मुलं खच्चून भरलेली, मागे खुर्चीवर परीक्षक, शेजारी आमचे सर. मी पेन ड्राइव्ह लावला, पाठ उघडला. पहिला फोटो आला, थापलेल्या बिबड्यांचा. आणि त्याखाली मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टिंबं, सगळी एकमेकांच्या अंगावर पडलेली. पुढची पाटी तशीच. त्याच्या पुढची तशीच. एक शब्द मराठी नाही.

काय झालं ते मला नंतर कळलं. ती पत्रिकेची अक्षरं दुकानदाराच्या खास फॉन्टमधली होती. तो फॉन्ट त्यानं मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये घातला होता म्हणून घरी सगळं गोड दिसलं. शाळेच्या कॉम्प्युटरला तो फॉन्ट ठाऊक नव्हता. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं, की परीक्षकांनी चष्मा वर केलाय. डोळ्यांपुढे नाना आले, झोपाळ्यावर बसलेले. एकदाच, म्हणाले होते.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. “मॅडम, हाई काय शे?”

तेवढ्यात तिच्या मागची म्हणाली, “त्या त बिबड्या शेतस!”

आणि माझ्या तोंडून आपोआप माहेरची बोली निघाली. “हां, मन्ही सासूनी करेल शेतस.” माझ्या सासूनं केल्यात.

वर्ग असा हसला, की विचारू नका. लगेच हात वर. आमच्याकडे खाटेवर टाकतात. आमच्याकडे पत्र्यावर, पत्र्यावर लवकर वाळतात. का रे लवकर? पत्रा तापतो म्हणून. मी पर्समधून खडू काढला आणि फळ्यावर लिहिलं, उष्णता. जाड थापलेलीचा फोटो लावला. ही ओली का राहिली गं? सगळ्यांना माहीत! वारं सुटलं की पटकन वाळतात, पण मग कापड उडतं, मग आई चार दगड ठेवायला लावते. मुलं बोलत होती, मी लिहीत होते, भिंतीवर अक्काचे हात बिबड्या थापत होते आणि खालच्या त्या कचऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. घंटा झाली तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

परीक्षक उठून आले. मी म्हणणार होते, सर, चूक झाली. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, “बिबड्या यंदाच्याच का?” मी हो म्हटलं. “तळून खाता की भाजून?” भाजून, म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्गावर गेले. मी संडासाच्या भिंतीआड जाऊन रडून घेतलं.

घरी आले तर नाना इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले. पाठ माझा आणि शर्ट इस्त्रीचा यांचा! पाठ कसा झाला, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं, “अक्षरं दिसली का?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. “दिसली नाना. मागच्या बाकापर्यंत.”

“बघ!” ते घरात वळून अक्काला ओरडले. “मी म्हटलं नव्हतं?”

मी पास झाले. पुढे शिंदखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, आम्ही धुळ्याला बिऱ्हाड केलं, नाना-अक्का पिंप्राळ्याचं घर सोडेनात. पण त्या अक्षरांची गोष्ट नानांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली. दूधवाल्याला सांगितली. माझ्या माहेरच्यांना तर मांडव परतणीच्या थाटात सांगितली. “हिनं शिकवलं, पण अक्षरं माझी!” मी आत पोळ्या लाटत हसायचे. एवढ्या आनंदात मीठ कोण कालवणार?

मग एका उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पिंप्राळ्याला असताना तो दुकानदार दोस्त स्वतःच्या मुलीची पत्रिका द्यायला आला. नानांनी त्याला बसवलं आणि पुन्हा तीच गोष्ट सुरू केली, या वेळी त्याचे आभार मानायला. मी आत चहा गाळत होते.

तो म्हणाला, “बरं झालं नाना, लॅपटॉप तोच वापरला. मी फॉन्ट त्याच्यातच टाकला होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसता कचरा दिसला असता.”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. मला माहीत होतं नानांना काय दिसत असणार. टेबलावरचा लॅपटॉप. त्यावरचं त्यांचं उपरणं.

“हो,” नाना म्हणाले. “तोच नेला होता तिनं.”

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसानंतर ती गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. मला फार वाईट वाटलं. वाटलं, जाऊन म्हणावं, नाना, त्या दिवशी तुमच्या खडूनं मला वाचवलं. पण आमच्यात असं काही समोर बसून बोलायची पद्धत नव्हती. ना त्यांनी विषय काढला, ना मी.

सुटी संपता संपता ते फोन घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, “याच्यात मराठी कसं लिहायचं, दाखव.” मी चकितच. मशीनचं नाव काढलं की भडकणारा माणूस! एका बोटानं ‘क’ दाबायला जायचे आणि ‘ख’ उमटायचा, मग चिडायचे, फोन खुर्चीवर आपटायचे, पुन्हा उचलायचे. मी धुळ्याला परतले तेव्हा त्यांना आपलं नाव लिहिता येत होतं.

नाना आता नाहीत. पण त्या पावसाळ्यातली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढे लख्ख आहे. वर्गात नुकताच भिंतीएवढा पडदा लागला होता आणि मी फोन त्याला जोडून मुलांना फुलांची चित्रं दाखवत होते. पडद्यावर काही उमटलं की सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचं, ही सवय मीच लावलेली. अचानक वरून मेसेजची एक पट्टी खाली आली. मी ती पुसायच्या आत सगळा वर्ग, अगदी शेवटच्या भिंतीला टेकलेल्या पोरींसकट, एका सुरात वाचून मोकळा झाला,

“सूनबाई, अक्षरं दिसली का?”

मला पुढचं चित्र दिसेनासं झालं. मुलं विचारत होती, मॅडम, कोण आहे, कोण आहे? मी वर्गाकडे पाठ केली आणि फोनवर उत्तर लिहिलं. मागून वर्ग तेही एकेक शब्द करून वाचत होता.

“दिसली नाना. मागच्या बाकापर्यंत.”